तेवीस नोव्हेंबर ते एकोणीस डिसेंबर

अर्ज इंग्रजीत आहे, हाताने लिहिलेला. तारीख २३ नोव्हेंबर २०२०, वार सोमवार. दिला तो नालासोपारा पूर्वेच्या तुळींज पोलीस ठाण्यात. लिहिणारी श्रद्धा वालकर, वसईची, वय २५ च्या आसपास. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो आफताब पूनावाला, तिच्याबरोबर एकाच घरात राहणारा. बरोबर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, हा कागद देशभरच्या वाहिन्यांवर झळकला. तोपर्यंत तिला जाऊन सहा महिने झाले होते. साहजिकच बहुतेकांनी तो शेवटाकडून वाचला. जे पुढे घडले ते तिने आधीच लिहून ठेवले होते, याचाच सगळ्यांना धक्का बसला.

तो सरळ वाचायला हवा. त्या सोमवारी ती जिवंत होती. मार खाऊन, गुदमरून ती वाचली होती आणि स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेली होती. म्हणजे हा बचावलेल्या बाईचा कागद आहे, आणि पुढच्या सगळ्या कागदांची छाननी इथूनच सुरू होते.

अर्जात काय आहे? तो शिव्या देतो, मारतो. आज त्याने गळा दाबून जीव घ्यायचा प्रयत्न केला. मारून तुकडे करून फेकून देईन, अशी धमकी देतो. सहा महिन्यांपासून मारहाण चालू आहे, पण तो जिवे मारायची धमकी देत असल्याने पोलिसांकडे यायचे धाडस झाले नाही. तो मारतो, त्याने जिवावर हात टाकला, हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक आहे; आम्ही एकत्र राहतो हेही त्यांना माहीत आहे आणि शनिवार-रविवारी ते येतात. लग्न होणार होते आणि त्याच्या घरच्यांचा आशीर्वाद होता म्हणून आजवर राहिले. यापुढे राहायची इच्छा नाही. तेव्हा माझ्या शरीराला काही इजा झाली तर ती त्याच्याकडूनच झाली असे समजावे.

वकिलाकडून लिहून घेतला असता तरी यापेक्षा नेटका अर्ज झाला नसता. कृत्य आहे, त्याचा दिवस आहे, पद्धत आहे. धमकी नेमक्या शब्दांत आहे. मारहाण किती काळ चालली तेही आहे. उशीर का झाला, हा ठाण्यातला ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर विचारण्याआधीच दिले आहे. साक्षीदार कोण, तर त्याचेच आईवडील. शेवटच्या वाक्यात पुढच्या काळासाठी नोटीस दिली आहे. एक गोष्ट मात्र अर्जात कुठेच नाही, ती म्हणजे धर्म. तिकडे पुढे वळायचेच आहे.

सहा महिने मागे मोजले की आपण मे २०२० मध्ये येतो. देशभर टाळेबंदी लागली होती २५ मार्चला. एप्रिलमध्येच राष्ट्रीय महिला आयोगाने घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्याचे सांगून व्हॉट्सअॅपवर तक्रारीची सोय केली होती. वसई-विरारच्या इमारतींमधल्या वन रूम किचनमध्ये दोन माणसे चोवीस तास समोरासमोर. नोकरीचे ठिकाण, मैत्रिणी, गाडीतला ठरलेला डबा, यांतून एरवी मिळतो तो श्वास बंद. नोव्हेंबरमध्येही पश्चिम रेल्वेच्या लोकल सर्वांसाठी खुल्या नव्हत्या. महिलांना २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळेतच प्रवासाची मुभा होती, सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. मारहाण झालेल्या बाईने कुठे जायचे, याचे वेळापत्रकसुद्धा रेल्वेने ठरवून दिलेले होते.

आणि माहेर? वडील विकास वालकर यांनी नंतर दिलेल्या फिर्यादीत मागची हकीकत येते. दोघांची ओळख डेटिंग अॅपवरची, २०१८ च्या सुमाराची. २०१९ मध्ये तिने घरी सांगितले. घरच्यांनी विरोध केला. माझे निर्णय घ्यायला मी मोकळी आहे, असे सांगून ती बाहेर पडली. जानेवारी २०२० मध्ये आई वारली. घरात तिच्याशी बोलत राहणारे माणूस आईच होती, असे फिर्यादीवरून दिसते. थोडक्यात, नोव्हेंबरमध्ये ती ठाण्यात गेली तेव्हा तिच्या बाजूने घरचे कोणी उभे नव्हते आणि त्याच्या बाजूचे दोघे जण दर शनिवार-रविवारी येत होते.

तुळींज ठाण्याविषयीही थोडे सांगायला हवे. पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. तेव्हापासून वसई-नालासोपाऱ्यापासून बोईसर, तारापूर, डहाणूपर्यंतची ठाणी एकाच पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार असे नवे पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि जिल्ह्याचे पोलीस दोन झाले. दक्षिणेकडची शहरी ठाणी आयुक्तांकडे गेली. बोईसर, तारापूर, पालघर ग्रामीणच्या अधीक्षकांकडे राहिले. श्रद्धाचा अर्ज आला तेव्हा या आयुक्तालयाला दोन महिनेही झाले नव्हते.

वरवर पाहता हा नुसता प्रशासकीय तपशील वाटेल, पण त्याला इथे वजन आहे. एखाद्याकडून शांतता भंग होण्याची भीती असेल तर त्याच्याकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेता येते. पोलिसी बोलीत याला ‘चॅप्टर’ म्हणतात. बोईसरला चॅप्टर केस करायची तर पोलिसांना कागद महसूल खात्यातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा तहसीलदाराकडे, पाठवावे लागतात. आयुक्तालयात हा अधिकार सहायक पोलीस आयुक्ताकडेच असतो. म्हणजे तुळींजच्या पोलिसांना हे हत्यार खात्याबाहेर मागायला जायची गरज उरली नव्हती.

पुढचा कागद दुसऱ्याच दिवशीचा, २४ नोव्हेंबरचा. हा व्हॉट्सअॅपवरचा संवाद आहे, नोकरीतल्या वरिष्ठ सहकाऱ्याशी झालेला. कालच्या मारामुळे अंग दुखते आहे, रक्तदाब कमी झाला असावा, अंथरुणातून उठायची ताकद नाही, म्हणून आज कामावर येता येणार नाही, असे ती कळवते. त्याच संवादात तिने आणखी एक लिहिले आहे. तो आजच्या आज घर सोडून जाईल हे मला पाहायचे आहे. सोबत चेहऱ्यावरच्या जखमांचा फोटो आहे.

हे वाक्य सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. ती स्वतः पळायचे म्हणत नव्हती, त्याने जावे म्हणत होती. तिला जे हवे होते ते कायद्यात शब्दशः लिहिलेले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, अमलात २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम १९ खाली दंडाधिकारी पुरुषाला सामायिक घरातून बाहेर पडण्याचा आदेश देऊ शकतात. कलम १८ खाली तिच्या जवळ जायला, तिच्याशी संपर्क साधायला मनाई करू शकतात. आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत लागावी, असे कलम १२ सांगते. २३ तारखेला अर्ज केलेल्या बाईला महिनाअखेरीच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहता यावे, अशी कायद्याची अपेक्षा होती.

लग्न झालेले नव्हते, मग हा कायदा लागतो का? लागतो. ‘विवाहसदृश नाते’ कायद्याच्या व्याख्येतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात आणि २०१३ मध्ये इंद्रा सरमा प्रकरणात त्याच्या कसोट्या सांगितल्या. एकत्र घर, संसाराचा हेतू, समाजात तसे वावरणे. आम्ही एकत्र राहतो, त्याच्या घरच्यांना माहीत आहे, लग्न ठरले आहे, ही श्रद्धाच्या अर्जातली वाक्ये त्या कसोट्यांच्या जवळच जाऊन बसतात. तिने ती कायदा समोर ठेवून लिहिली नसावीत. सांगायचे होते ते सांगितले, एवढेच.

याच कायद्याचे कलम ५ पोलिसांसाठी आहे. अशी तक्रार आली की पोलीस अधिकाऱ्याने त्या बाईला सांगायचे असते: तुला संरक्षण आदेशासाठी अर्ज करता येतो, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहे, मदत करणाऱ्या संस्था आहेत, वकील मोफत मिळतो. २००६ च्या नियमांबरोबर जे नमुने आहेत त्यांतला पाचवा नमुना सुरक्षा आराखड्याचा. त्यात रकाने आहेत. हिंसा कोणती झाली. तिचे परिणाम काय. बाईला भीती कसली वाटते. सुरक्षेसाठी काय करायला हवे. न्यायालयाकडून कोणते आदेश हवेत. भीतीच्या रकान्यात मारहाण पुन्हा होईल का, वाढत जाईल का, हे वेगवेगळे विचारलेले आहे. हा नमुना भरायला पोलीस अधिकारीही मदत करू शकतो, असे त्यावरच छापलेले आहे. श्रद्धाचा अर्ज शेजारी ठेवला तर भीतीपर्यंतचे रकाने तिच्या वाक्यांनी भरून निघतात. सुरक्षेसाठी काय करायला हवे, हा रकाना सरकारने भरायचा होता.

कायद्याची एक मेख इथेच आहे. संरक्षण अधिकाऱ्याने कर्तव्यात कसूर केली तर कलम ३३ मध्ये त्याला शिक्षा आहे. कलम ५ न पाळणाऱ्या पोलिसाला या कायद्यात शिक्षा नाही. ज्याच्या दारात बाई सगळ्यात आधी जाते त्याला कायद्याने नुसती समज दिली आहे.

आणि फौजदारी बाजू? गळा दाबून मारायचा प्रयत्न, असे अर्जात स्पष्ट आहे. खुनाचा प्रयत्न हा दखलपात्र गुन्हा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. त्याच निकालात एक पळवाट राहिली. वैवाहिक आणि कौटुंबिक वादांत आधी प्राथमिक चौकशी करता येईल, असे न्यायालयाने म्हटले. चौकशीला मुदतही घातली, पण ‘घरगुती मामला’ हा वेगळा कप्पा आहे, ही ठाण्यातली जुनी समजूत त्याने आणखी पक्की झाली. रस्त्यात अनोळखी माणसाने गळा आवळला असता तर गुन्हा तिथल्या तिथे नोंदला गेला असता. घरात आवळला की आधी चौकशी, मग समजूत, मग ‘आपापसात मिटवा’.

मधल्या काळातला आणखी एक कागद रुग्णालयाचा आहे. डिसेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात ती नालासोपाऱ्यातल्या एका खाजगी रुग्णालयात काही दिवस दाखल होती. तक्रार पाठीच्या तीव्र वेदनांची. म्हणजे ठाण्यात अर्ज पडून होता, तेव्हा अर्जदार रुग्णालयात खाटेवर होती.

आणि मग १९ डिसेंबर. वार शनिवार. त्या दिवशी तिने ठाण्यात लिहून दिले की आमच्यात आता वाद उरलेला नाही. आयुक्तालयाच्या उपायुक्तांनी २०२२ मध्ये जाहीर खुलासा केला तो असा: अर्जावर त्या वेळी आवश्यक ती कार्यवाही केली होती, आरोपीच्या आईवडिलांनी समजूत घातल्यावर अर्जदाराने वाद मिटल्याचे लेखी दिले, म्हणून प्रकरण बंद केले.

२३ नोव्हेंबर आणि १९ डिसेंबर हे दोन कागद समोरासमोर ठेवून वाचावेत. पहिल्यात ज्यांचा उल्लेख ‘त्यांना सगळे माहीत आहे’ असा आहे, तेच दुसऱ्यात मध्यस्थ झाले. कोणत्याही दिवाणी भांडणात, जमिनीच्या किंवा उधारीच्या, एका पक्षाचे आईवडील लवाद म्हणून बसले असते तर दुसऱ्या पक्षाने हरकत घेतली असती आणि ठाणे अंमलदारालाही ते पटले असते. इथे कोणाला वावगे वाटले नाही, कारण मुलाचे आईवडील ‘समजावतात’ हे आपल्याकडे शहाणपण मानले जाते. पहिल्या कागदाला प्रश्न पडले, चौकशी लागली, सव्वीस दिवस गेले. दुसऱ्याला एकही प्रश्न न विचारता तो खरा मानला गेला. ज्या माणसाने मारायची धमकी दिली त्याच्याच घरात राहणारी बाई ‘वाद नाही’ असे लिहून देते, तेव्हा ते कोणासमोर, कोणाच्या दबावाखाली लिहिले, हे विचारायचे काम कोणाचे होते?

ती परत का गेली, असा प्रश्न २०२२ मध्ये घराघरांत विचारला गेला. माझ्या मते तो या कागदांना विचारायचा प्रश्नच नव्हे. परत जाणे हा अशा नात्यांतला नेहमीचा टप्पा आहे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी सुरक्षा आराखड्याचा नमुना केला. खरा प्रश्न त्या सव्वीस दिवसांचा आहे.

महाराष्ट्राला या गोष्टी नव्याने शिकायच्या होत्या असेही नाही. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवून बायकांच्या तक्रारी ऐकायच्या, हा प्रयोग टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये सुरू केला. महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष तो हाच. पुढे राज्य सरकारने तो स्वीकारला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. वर्दीतला माणूस कलम शोधतो, बाईला आज रात्री कुठे झोपायचे ते हवे असते. दोघांच्या मध्ये तिसरे कोणी तरी हवे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

१९८४ हे वर्ष आणखी एका कारणाने इथे येते. पुण्याच्या मंजुश्री सारडा प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी जुलैत लागला. लग्नानंतर चार महिन्यांत, जून १९८२ मध्ये, तिचा विषाने मृत्यू झाला होता. पुण्याच्या न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. महाराष्ट्रातल्या स्त्री संघटना त्या निकालाने हादरल्या. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी तो निकाल आजही रोज उद्धृत होतो. त्याचा दुसरा भाग कमी आठवला जातो. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुराव्यात होती. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ खाली, मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूला कारण ठरलेल्या परिस्थितीविषयी केलेले लेखन ग्राह्य धरता येते, याची सविस्तर चर्चा न्या. फजल अली यांनी त्या निकालात केली. बाई गेल्यावर तिचा कागद बोलू शकतो, हे कायद्याने मान्य केले आहे. ती असताना तो ऐकायची सक्ती मात्र तितकी कडक नाही.

दिल्लीतला पुढचा भाग सर्वांना माहीत आहे. तो थोडक्यात सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात दोघे दिल्लीला गेले, मेहरौली भागात भाड्याने राहिले. आरोपपत्राप्रमाणे १८ मे रोजी खून झाला. मित्रांना फोन लागेना, बातमी भावा-वडिलांपर्यंत आली आणि ऑक्टोबरमध्ये वसईच्या माणिकपूर ठाण्यात हरवल्याची नोंद झाली. आरोपीने सांगितले की २२ मे रोजी भांडून ती निघून गेली. ते खोटे ठरवले बँकेच्या नोंदीने: २६ मे रोजी तिच्या खात्यातून त्याच्या खात्यात ५४ हजार रुपये गेले होते आणि ते मेहरौलीतून. १२ नोव्हेंबरला अटक झाली. २४ जानेवारी २०२३ रोजी साडेसहा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र दाखल झाले. मार्चमध्ये साकेत न्यायालयात सरकारी पक्षाने तिच्या ऑनलाइन समुपदेशनाची ध्वनिफीत ऐकवली. तो मला शोधून काढेल आणि मारायचा प्रयत्न करेल, असे ती त्यात सांगते. ९ मे २०२३ रोजी कलम ३०२ आणि २०१ खाली आरोप निश्चित झाले. ते सिद्ध होतात का, हे ठरवणे न्यायालयाचे काम.

आपल्या विषयाशी जवळचे आहे ते महाराष्ट्रात काय झाले ते. अर्ज उघड झाल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पत्र अत्यंत गंभीर असल्याचे सांगितले. कारवाई झाली असती तर कदाचित जीव वाचला असता, असेही ते म्हणाले, आणि चौकशीची घोषणा केली. ९ डिसेंबरला विकास वालकर यांनी पत्रकारांसमोर तुळींज आणि माणिकपूर या दोन्ही ठाण्यांच्या दिरंगाईकडे बोट दाखवले.

चारच दिवसांनी, १३ डिसेंबर २०२२ रोजी, राज्य सरकारने एक समिती नेमल्याचा शासन निर्णय काढला. नाव आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-कुटुंब समन्वय समिती, अध्यक्ष मंत्री मंगलप्रभात लोढा. अशा लग्नांची माहिती गोळा करायची आणि मुलींचा माहेराशी संवाद घडवायचा, हे तिचे काम. टीका झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गळाला. तुटलेले माहेर हा या प्रकरणातला खरा धागा होता, हे मान्य. पण २३ नोव्हेंबरच्या अर्जात धर्माचा शब्द नाही. गळा, धमकी, सहा महिने आणि पोलीस आहेत. अर्जाने एक प्रश्न विचारला आणि सरकारने भलत्याच प्रश्नाचे उत्तर दिले. समिती तुळींज ठाण्याच्या आवक-जावक वहीवर नेमायला हवी होती.

त्याचा पडताळा यायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच तुळींज ठाण्याच्या हद्दीत परिचारिका म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीचा मृतदेह भाड्याच्या घरात, पलंगाच्या पेटीत सापडला. अटक झाली ती बरोबर राहणाऱ्या पुरुषाला. १८ जून २०२४ रोजी सकाळी वसई पूर्वेत रस्त्यावर एका तरुणीला तिच्या पूर्वीच्या मित्राने लोखंडी पान्याने घाव घालून मारले. लोक पाहत होते, चित्रणही झाले. तिच्या घरच्यांनी काही दिवस आधीच आचोळे ठाण्यात त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. अदखलपात्र नोंद करून, समज देऊन त्याला सोडले होते. या दोन्ही प्रकरणांत मारणारा आणि मारली गेलेली यांच्या धर्मावर कोणाला मोर्चा काढता आला नाही, म्हणून ती लवकर विसरली गेली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. राज्यातली ही पाहणी २०१९ ची, टाळेबंदीच्या आधीची. आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या श्रद्धासारख्या मुली त्यात मोजलेल्याच नाहीत. देशपातळीवर, हिंसा सोसलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणींनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. तुळींजला गेलेली मुलगी त्या थोड्यांपैकी एक होती.

बोईसर-तारापूरला हे प्रकरण दूरचे वाटू नये. एमआयडीसीच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत देशभरातून आलेली जोडपी राहतात. माहेर बिहार-उत्तर प्रदेशात किंवा मोखाडा-जव्हारच्या पाड्यावर. आजूबाजूचे शेजारी दर पाळीला बदलणारे. पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, सगळे जिल्हा मुख्यालयाकडे, म्हणजे पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आणि पालघरला. एक दिवसाची हजेरी बुडवल्याशिवाय तिथे जाणे होत नाही.

म्हणून दोन मागण्या आणि एक सूचना. घरगुती हिंसेची तक्रार मागे घेतल्याचा जबाब, संरक्षण अधिकारी किंवा विशेष कक्षातली कार्यकर्ती त्या बाईला एकटीला भेटल्याशिवाय, कोणत्याही ठाण्याने स्वीकारू नये. कलम ५ न पाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ३३ सारखी जबाबदारी हवी. सूचना वाचकांसाठी आहे. तुमच्या इमारतीतली, कारखान्यातली, नात्यातली एखादी ठाण्यात निघाली तर तिच्याबरोबर जा. अर्जाची एक प्रत जवळ ठेवा, दुसरीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. ठाण्याने नोंद नाकारली तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. संरक्षण अधिकाऱ्याला कळवायला कलम ४ प्रमाणे ती स्वतःच असायला लागत नाही, तुम्हीही कळवू शकता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिची कमाई कितीही असो. फोन ११२ आणि १८१.

विकास वालकर ९ फेब्रुवारी २०२५ रोजी वसईत हृदयविकाराने गेले. मुलीचे अवशेष खटल्यातला पुरावा म्हणून जमा असल्याने तिचे अंत्यसंस्कार करणे त्यांना शेवटपर्यंत जमले नाही.